मुख्य संपादक नसलेला ज्ञानकोश: विकीवर इतरांसोबत कसं लिहावं

मराठी विकिपीडियाला मुख्य संपादक नाही. १ मे २००३ रोजी तो सुरू झाला तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. आपल्याकडच्या छापील ज्ञानकोशांमागे एखादा खंबीर माणूस उभा दिसतो. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड म्हटलं की श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात, वाईच्या मराठी विश्वकोशाचं नाव घेतलं की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. नोंद कोणी लिहायची, ती किती लांब असावी, वाद झाला तर अखेरचा शब्द कोणाचा, हे तिथे आधीच ठरलेलं असे. विकीवर हे ठरवायला कोणीही बसलेलं नाही. नाशिकची एक शिक्षिका, न्यू जर्सीतला एक अभियंता आणि म्हापशाचा एक विद्यार्थी एकाच लेखात हात घालतात. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसतं, पुढेही बहुधा पाहणार नसतात.

तरीही त्यातून वाचण्याजोगा लेख तयार होतो. तो होतो तेव्हा त्यामागे काही रीती पाळलेल्या असतात. नव्याने येणाऱ्यांना त्या रीती सभ्यतेचे जादा नियम वाटतात; लिहिता आलं की झालं, बाकी सगळं ऐच्छिक, असा समज असतो. माझं मत उलट आहे. विकीवर संपादकाची खुर्ची रिकामी आहे आणि तिचं काम या रीतीच करतात. त्या मोडल्या की लेखही मोडतो, मग लिहिणारा कितीही विद्वान असो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. वाचणाऱ्यालाच पान बदलता यावं, एवढीच कल्पना होती. विकिपीडिया आला १५ जानेवारी २००१ रोजी. त्याच्या आधी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्युपीडिया नावाचा ऑनलाइन ज्ञानकोश काढला होता. तिथे तज्ज्ञ लिहीत आणि प्रत्येक लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जाई. पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख पुरे झाले. विकिपीडियाने तपासणी प्रकाशनाच्या आधी न ठेवता नंतर ठेवली, आणि २००१ सालच्या अखेरीस इंग्रजीत २०,००० च्या आसपास लेख जमले होते. तपासणी गेली नाही, फक्त ती सगळ्यांच्या अंगावर आली. याचा अर्थ असा, की तुम्ही लिहिलेलं प्रत्येक वाक्य मागून येणारा कोणीतरी तपासणार आहे. त्याला ते काम सोपं जावं असं लिहिणं, ही विकीवरची पहिली आणि सगळ्यांत मोठी सभ्यता.

इतिहासाचं पान

लेखाच्या वर 'इतिहास पहा' असा दुवा असतो. वाचक तिकडे क्वचितच जातात, पण विकीचा कणा तोच आहे. पान जन्मल्यापासूनची प्रत्येक आवृत्ती तिथे साठवलेली असते: कोणी, कधी, काय बदललं. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून नेमका फरक बघता येतो. एखाद्याने सगळा मजकूर पुसून शिव्या लिहिल्या तर मागची चांगली आवृत्ती दोन टिचक्यांत परत आणता येते. त्यामुळे नवख्या माणसाने घाबरून हात आखडता घेण्याचं काही कारण नाही. विकीची जुनी शिकवणच आहे की बिनधास्त बदल करा. चूक झाली तर ती निस्तरता येते.

मात्र फरक दिसतो म्हणजे कारणही कळतं असं नाही. बदल जतन करताना खाली सारांशाची एक चौकट येते आणि बहुतेक जण ती रिकामी सोडतात. ही सवय लवकर मोडलेली बरी. सारांशात कादंबरी लिहायची नसते. 'जनगणना २०११ नुसार लोकसंख्या दुरुस्त केली', 'हा परिच्छेद खाली पुन्हा आला आहे म्हणून काढला', 'फक्त शुद्धलेखन' इतकं पुरतं. दोन हजार अक्षरं काढलेली दिसतात आणि सारांश रिकामा असतो, तेव्हा पाहणाऱ्याला उत्पाताची, म्हणजे मुद्दाम केलेल्या नासधुशीची, शंका येते आणि तो बदल उलटवतो. काढणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण तो कळायला मार्गच ठेवलेला नसतो. तिथून पुढचं भांडण निव्वळ त्या रिकाम्या चौकटीमुळे होतं.

त्याहून कमी बोललं जातं ते एका बदलात एकच काम करण्याबद्दल. समजा, तुम्ही एका किल्ल्यावरचा लेख घेतला. परिच्छेदांचा क्रम बदलला, शुद्धलेखन सुधारलं, दोन वाक्यं काढली आणि एक नवी तारीख घातली, हे सगळं एकदम जतन केलं. आता फरकाचं पान उघडणाऱ्याला वरपासून खालपर्यंत सगळंच बदललेलं दिसतं. काढलेली दोन वाक्यं त्या गर्दीत सापडत नाहीत. तारीख चुकीची आहे असं त्याला वाटलं तर फक्त तारीख परतवायची सोय नाही. सगळं उलटवा किंवा सगळं ठेवा. तेच चार वेगळ्या बदलांत केलं असतं, तर प्रत्येकाची वेगळी तपासणी झाली असती आणि तुमचं शुद्धलेखन तरी टिकलं असतं. उलट टोकही गाठू नये. एका परिच्छेदासाठी वीस वेळा जतन केलं की इतिहासाचं पान भरून जातं. तेवढ्यासाठी झलक बघायची सोय आहे. लांब काम असेल तर ते आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या कच्च्या पानावर, करावं आणि तयार झालं की लेखात आणावं.

आणखी एक: लेखाच्या खाली 'लेखक – अमुक' असं लिहू नये. तुमचं श्रेय इतिहासात कायमचं नोंदलेलं आहे. सही फक्त चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या बोलण्याच्या पानावर, करायची, चार वेळा ~ हे चिन्ह टाकून. नाव आणि वेळ आपोआप उमटते.

बदल उलटवला गेला, आता?

तुम्ही मेहनतीने लिहिलेला परिच्छेद दुसऱ्या दिवशी गायब दिसतो. पहिली प्रतिक्रिया तो परत टाकायची असते. इथेच थांबायचं. विकीवरचा रूढ क्रम असा: कोणीतरी धीटपणे बदल करतं, दुसऱ्याला तो पटत नाही म्हणून तो उलटवतो, आणि तिसरी पायरी चर्चेची. तिसऱ्या पायरीऐवजी परत पहिलीवर गेलात की संपादन युद्ध सुरू होतं. शेताचा बांध एकाने रात्री वीतभर इकडे कोरावा, दुसऱ्याने सकाळी तिकडे, आणि मोजणी मात्र कोणीच मागवू नये, तसा हा प्रकार चालतो. इंग्रजी विकिपीडियाने २००४ साली यावर सरळ आकडाच घातला: चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर सदस्याला संपादनापासून रोखलं जाऊ शकतं. आणि तुमचं म्हणणं बरोबर आहे ही सबब चालत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण प्रत्येक युद्धातले दोन्ही पक्ष स्वतःला बरोबरच समजत असतात.

किती क्षुल्लक गोष्टीवरून हे चालू शकतं, याचं प्रसिद्ध उदाहरण इंग्रजीतल्या दह्याच्या लेखाचं. 'योगर्ट' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच हवा की नको, यावर आठेक वर्षं वाद झाला. अमेरिकेत एक रूप, ब्रिटनमध्ये दुसरं, आणि दोन्ही शब्दकोशांत आहेत. २००३ साली चर्चेविना नाव बदललं गेलं, ते अखेर २०११ मध्ये मूळ रूपाकडे परत आलं. यातून घ्यायचं ते असं की दोन्ही रूपं मान्य असतील तिथे आधीच्या माणसाने वापरलेलं रूप तसंच राहू द्यावं. लेखात 'ख्रिस्ती' आहे तर ते 'ख्रिश्चन' करत हिंडू नये, आणि 'ख्रिश्चन' आहे तर 'ख्रिस्ती' करत.

काही वाद मात्र क्षुल्लक नसतात. भारतातल्या व्यक्ती आणि गावांवरच्या इंग्रजी लेखांत पहिल्या ओळीत नाव कोणत्या भारतीय लिपीत द्यायचं, यावर इतकी ओढाताण झाली की २०१२ साली तिथल्या संपादकांनी सुरुवातीच्या भागात भारतीय लिप्या देऊच नयेत असं ठरवलं. मराठी माणूस म्हणून मला देवनागरी गेल्याचं वाईट वाटतं. पण तो निर्णय कसा झाला ते महत्त्वाचं आहे: प्रत्येक पानावर वेगळी लढाई न करता एकदाच सगळ्यांसमोर चर्चा झाली आणि तिचा निकाल लिहून ठेवला गेला. मराठी विकिपीडियावर अशा चर्चेसाठी चावडी आहे. आदरार्थी बिरुदं, शहरांची बदललेली नावं, शीर्षकात 'डॉ.' असावं की नसावं, हे प्रश्न एकेका लेखात शंभरदा झगडण्यापेक्षा चावडीवर एकदा मांडावेत.

प्रचालकांबद्दल मोठा गैरसमज आहे, तोही इथेच सांगते. प्रचालक म्हणजे वरिष्ठ संपादक नव्हे. पान सुरक्षित करणं, काढून टाकणं, उत्पाती सदस्याला रोखणं ही साधनं समाजाने त्यांच्या हाती दिलेली असतात. मजकुरात काय खरं याचा निवाडा करायचा अधिकार त्यांना तुमच्याइतकाच आहे. 'प्रचालकांनी लक्ष घालून माझी बाजू मान्य करावी' अशी मागणी करण्याआधी चर्चापानावर आपला संदर्भ ठेवला आहे का, ते बघावं.

चर्चापानावरची भाषा

समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चालायचं, हे विकीचं तत्त्व सगळ्यांना पाठ असतं आणि पाळताना सगळ्यांत जड जातं. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की पहिला प्रश्न 'का केलंत?' असा खरोखरीचा प्रश्न असावा. 'नमस्कार, आपण जन्मवर्ष बदललेलं दिसलं. आधीच्या वर्षाला गॅझेटिअरचा संदर्भ होता. नव्या वर्षाचा संदर्भ मिळेल का?' अशा दोन ओळींत तक्रारही आली, पुरावाही आला आणि समोरच्याला मान खाली न घालता मागे यायला वाटही राहिली. अनोळखी माणसाला 'आपण' किंवा 'तुम्ही'. वय माहीत नसतं. पलीकडे बारा वर्षांची मुलगी असेल किंवा निवृत्त प्राध्यापक.

मराठी चर्चांमध्ये दोन गोष्टी फार बोचतात आणि त्यांबद्दल स्पष्ट बोललं जात नाही. पहिली म्हणजे आडनावावरून हेतू काढणं. सदस्यनावात आडनाव दिसलं की जात ओळखायची आणि तिच्यावरून 'तुम्ही लोक असंच लिहिणार' म्हणून मोकळं व्हायचं. असं एक वाक्य आलं की त्या पानावरची चर्चा मेली म्हणून समजा. त्यानंतर कोणीही पुरावा तपासत नाही. सगळे आपापल्या बाजूला जाऊन उभे राहतात. मजकुरावर बोला, माणसावर नको, हा नियम जगभरच्या विक्यांना आहे, पण आपल्याकडे त्याची गरज जास्त आहे, कारण आपल्या नावांतूनच इतकं काही वाचलं जातं. एखाद्याचा खरोखरच हितसंबंध असेल, म्हणजे तो स्वतःच्या संस्थेवर किंवा पैसे घेऊन लिहीत असेल, तर ते वेगळं. विकिपीडियाच्या अटींनुसार पैसे घेऊन केलेलं संपादन जाहीर करावंच लागतं. जात किंवा गाव हा हितसंबंध नव्हे.

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. कोणी 'पाणी'चं 'पानी' लिहिलं, 'कोण'चं 'कोन', ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं, की त्याला टोमणा मारणारे लगेच येतात. ज्याच्या घरी 'न' आणि 'ण' वेगळे बोललेच जात नाहीत, त्याने एखाद्या वाडीची, जत्रेची, भातजातीची माहिती लिहिली तर ती कदाचित दुसऱ्या कोणाकडे नाहीच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ आणि १९७२ साली सरकारमान्य झाले. लेखात ते पाळायचे, यात वाद नाही. पण ते पाळायचं काम वाटून घेता येतं. ज्याला माहिती आहे त्याने ती लिहावी, ज्याला नियम येतात त्याने गुपचूप वेलांटी बदलावी आणि सारांशात 'शुद्धलेखन' एवढंच लिहावं. चूक दाखवून माणूस पळवून लावला तर वेलांटी शुद्ध राहील आणि पान रिकामं.

लेखाची शैली

विश्वकोशीय भाषा कोरडी असते अशी तक्रार ऐकू येते. मला ती कोरडी वाटत नाही. ती वाचकावर विश्वास ठेवणारी वाटते. 'थोर', 'प्रातःस्मरणीय', 'अजरामर', 'कार्यसम्राट' हे शब्द काढायचे, कारण ते काहीच सांगत नाहीत. 'जोतीराव फुले हे थोर समाजसुधारक होते' या वाक्याने वाचकाच्या हाती काय पडलं? 'जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. १८७३ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली' असं लिहिलं की थोरवी वाचक आपली आपण पाहून घेतो. शिवाय विशेषणावर भांडण होऊ शकतं. वर्षावर झालंच तर पुराव्याने मिटतं. काळ दाखवणाऱ्या शब्दांचंही तेच. 'सध्या', 'नुकतेच', 'विद्यमान' हे शब्द लिहिताक्षणी शिळे व्हायला लागतात. साल लिहावं. क्रियापदांची रूपंही प्रमाण ठेवावीत. इथे मी 'असतं', 'करायचं' लिहिते आहे ते गप्पांच्या ओघात. लेखात 'असते', 'करावे' हवं.

तटस्थपणा म्हणजे दोन बाजूंच्या मधोमध उभं राहणं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बेळगावचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्याला दुखतं. पहिल्या ओळीत 'महाराष्ट्रातील शहर' लिहावं असं कितीतरी मराठी लोकांना मनापासून वाटतं. पण शहर कर्नाटक राज्याच्या प्रशासनाखाली आहे, ही वस्तुस्थिती आहे आणि ती तशीच सांगायची. त्याचबरोबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, १९६६ मध्ये या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, त्याचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने स्वीकारला नाही, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हेही तारखांसह सांगायचं. कर्नाटकाची भूमिका काय, तीही त्यांच्याच शब्दांच्या जवळ राहून मांडायची. आयोगाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावं असं म्हटलं होतं, हे लपवायचं नाही. २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी आहे, ते नोंदवायचं, आणि मराठीत रूढ असलेलं 'बेळगाव' वापरायचं. असा लेख धारवाडच्या माणसाने वाचला तर तो म्हणेल, यात आमच्यावर अन्याय नाही. खानापूरचा मराठी माणूसही तेच म्हणेल. दोघंही खूश होणार नाहीत. कोणाला खूश करणं हे लेखाचं काम नव्हेच.

मतभेद इतिहासाचा असेल तर कोण काय म्हणतं ते नावानिशी लिहावं. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जेधे शकावलीच्या आधारे मांडली जाते आणि राज्य सरकारने ती स्वीकारली आहे; १६२७ सालची तिथी मानणारी परंपराही आहे. लेखात एक तारीख ठेवून दुसरी पुसणारे दोन्हीकडचे लोक दमून जातात. 'अमुक साधनानुसार ही, तमुक साधनानुसार ती, शासकीय जयंती या तारखेला' हे एक वाक्य ते युद्ध संपवू शकतं. आपल्याला काय वाटतं ते लिहायची जागा विकी नाही. स्वतःचं संशोधन आधी दुसरीकडे प्रसिद्ध करावं. मोबाइलवर फॉरवर्ड होऊन आलेला संदेश संदर्भ म्हणून चालत नाही. छापील पुस्तक चालतं, पण प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक द्यावा, नाहीतर मागून येणाऱ्याने अख्खं पुस्तक वाचायचं का?

जिवंत माणसांबद्दल लिहिताना हात आणखी आखडता हवा. २००५ साली जॉन सायगेन्थेलर या अमेरिकन पत्रकारावरच्या लेखात कोणीतरी खोडसाळपणे त्याचं नाव केनेडी हत्येशी जोडलं होतं, आणि ते चारेक महिने तसंच राहिलं. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने जिवंत व्यक्तींबद्दलचे नियम कडक केले: बिनसंदर्भाचा आरोप दिसला तर चर्चेची वाट न पाहता काढायचा. एरवी बिनसंदर्भाच्या साध्या वाक्यावर 'संदर्भ हवा' अशी खूण लावून थांबणं बरं, आणि शोधायला पाच मिनिटंच लागणार असतील तर खूण लावण्याऐवजी स्वतःच शोधून घालावा.

मराठीच्या खास अडचणी

दोन लेख, शीर्षक तंतोतंत सारखं, आणि तरी विकीच्या लेखी वेगळे. हे मराठीत खरोखर घडतं. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांत, २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी लोक 'अ'ला जोडणी करून ते लिहीत, काही जण हिंदी कळफलकावरचा 'ऍ' वापरत. 'ऱ्य'मधला अर्धा र सुद्धा दोन वेगवेगळ्या संकेतांनी टंकता येतो. 'ऍ' सोडला तर डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. म्हणून नवा लेख काढण्याआधी दोन-तीन रूपांनी शोध घ्यावा, आणि लेख केल्यावर उरलेल्या रूपांवरून पुनर्निर्देशन द्यावं, म्हणजे ती रूपं शोधणारा आपोआप याच लेखावर येतो. ते काम दोन मिनिटांचं असतं आणि पुढच्या कोणाचे तरी चार तास वाचतात.

शीर्षक बदलायचं असेल, समजा औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, तर मजकूर उचलून नव्या पानावर चिकटवू नये. त्याने जुना इतिहास मागे राहतो आणि आधी लिहिलेल्या सगळ्यांचं श्रेय पुसलं जातं. विकिपीडियाचा मजकूर ज्या मुक्त परवान्याखाली आहे त्याची अटच श्रेय देण्याची आहे. स्थानांतरणाची सोय वापरली की इतिहासासकट पान सरकतं. इंग्रजीतून भाषांतर केलं तरी सारांशात मूळ लेखाचा दुवा द्यायचा, तो याच कारणासाठी.

भाषांतराचा विषय निघालाच आहे, तर यंत्राने केलेल्या भाषांतराबद्दल बोलायलाच हवं. यंत्र आता चांगलं लिहितं, आणि म्हणूनच जास्त जपायला हवं. 'हे गाव पुणे जिल्ह्यामध्ये स्थित आहे', 'ही कादंबरी त्यांच्या द्वारे लिहिली गेली होती' अशी वाक्यं दिसली की कळतं, इथे माणसाने वाचून पाहिलेलं नाही. 'हे गाव पुणे जिल्ह्यात आहे', 'ही कादंबरी त्यांनी लिहिली' यात काय कठीण होतं? लहान भाषांमध्ये अशा मजकुराचं नुकसान दुप्पट असतं, कारण वाचणाऱ्यांची संख्या कमी आणि तपासणाऱ्यांची त्याहून कमी. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं काय झालं ते पाहा. एका अमेरिकन मुलाने बाराव्या वर्षी, २०१३ मध्ये, तिथे लिहायला घेतलं. त्याला ती भाषा येत नव्हती. शब्दकोशातून शब्द उचलून इंग्रजी वाक्यांत बसवत त्याने २०,००० हून जास्त लेख केले. २०२० च्या ऑगस्टमध्ये हे उघडकीला आलं तेव्हा जगभरातून त्या पोरावर इतका भडिमार झाला की वाचवत नाही. मला त्यात दोन चुका दिसतात. सात वर्षं त्याला कोणी शेजारी बसवून सांगितलं नाही, ही पहिली. आणि कळल्यावर सगळ्यांनी मिळून त्याला फाडून खाल्लं, ही दुसरी. मन लावून काम करणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यातच कोणी 'बाळा, ही भाषा अशी नाही, चल आधी दहा वाक्यं नीट करू' म्हटलं असतं, तर बराच अनर्थ टळला असता.

मराठी विकिपीडियावर २७ फेब्रुवारीच्या आसपास, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने, महाविद्यालयांत कार्यशाळा होतात. एका दुपारी पुष्कळशी नवी खाती उघडली जातात, गावं, लेखक, शिक्षक यांच्यावरची अर्धी पानं तयार होतात. 'अलीकडील बदल' बघणाऱ्या जुन्या सदस्यांचा त्या दिवशी संताप होतो, आणि तो समजण्यासारखा आहे: कॉपी केलेले परिच्छेद, स्वतःच्या महाविद्यालयाची स्तुती, संदर्भ शून्य. पण 'हे पान काढून टाकावं' अशी खूण लावून पुढे जाण्याआधी एक काम करावं. लेख त्या सदस्याच्या धूळपाटीवर हलवावा, त्याच्या चर्चापानावर स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहाव्यात, तयार मजकुराचा साचा चिकटवू नये: काय चांगलं झालं, काय नाही चाललं, आणि पुढचं सगळ्यांत लहान पाऊल कोणतं. 'तुमच्या गावातल्या तळ्याची माहिती इतरत्र कुठे नाही. तिला जिल्हा गॅझेटिअरचा संदर्भ मिळतो का बघाल? अडलं तर इथेच विचारा.' कार्यशाळा घेणाऱ्यांनीही मुलांना नवा लेख काढायला लावण्याऐवजी आधी असलेल्या लेखात प्रत्येकी एक संदर्भ जोडायला लावावा. त्यात फरकाचं पान कळतं, सारांश लिहिला जातो, आणि दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य तपासताना किती कष्ट पडतात ते स्वतःच्या हाताला समजतं.